‘आपल्यात काहीच बनवत नाहीत का?’

पत्राचा सारांश: ठाण्यात राहणाऱ्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहूदी समाजातल्या, आईचं हे पत्र. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. श्रावणात मुलीच्या शाळेत शाडूच्या मातीचा वर्ग झाला. तिने वर्गात गणपती केला, घरी येऊन हात धुता धुता विचारलं, “आई, आपल्यात काहीच बनवत नाहीत का?” त्याच सुमारास ओळखीच्या चार कुटुंबांनी मिळून मुलांसाठी रविवारचा धर्मवर्ग सुरू करायचं ठरवलं आणि तो या बाईंच्या गळ्यात पडला. मुलं एकूण सात, वय पाच ते बारा. बाईंना हिब्रू अडखळत वाचता येतं, अर्थ जेमतेम कळतो. हस्तकला घ्यायची त्यांची इच्छा आहे, पण सासूबाई म्हणतात, “कागद कातरून धर्म येत नाही, पोरांकडून प्रार्थना पाठ करून घे.” इस्रायलमध्ये अश्दोदला राहणारा भाऊ तिकडून तयार संच पाठवतो. भोवरे, स्टिकर, रंगवायचे दिवे, सगळं गुळगुळीत. मुलगी ते बघते, व्हिडिओ बघते आणि विचारते की त्यात आपला मलिदा, देवापुढे मांडायचं पोह्यांचं ताट, कुठेच कसा नाही. मग आपण खरे यहूदी की नुसते म्हणायचे? बाई विचारतात: ‘मला नीट येत नसताना मी शिकवावं का? आणि शिकवलं तर हस्तकला घ्यावी की खरा अभ्यास?’

---

ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले, मग जराशी शरमले. मी प्राथमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं आणि मधली काही वर्षं आपल्या मशिदीतला रविवारचा वर्गही चालवला. (बाकीच्या वाचकांसाठी: आम्ही बेने इस्रायली लोक सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहाला, पूर्वीपासून मशीदच म्हणतो. मुंबईतल्या आमच्या सगळ्यात जुन्या, १७९६ साली बांधलेल्या मशिदीवरूनच मस्जिद बंदर स्टेशनाला नाव पडलं असं सांगतात.) त्या वर्गात मी काय केलं? हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या दिव्याच्या झेरॉक्स काढल्या आणि रंगवायला दिल्या. एका मुलाने अख्खा दिवा हिरवा करून टाकला, कागद माझ्याकडे सरकवला आणि खेळायला पळाला. त्याला दिव्याबद्दल एक अक्षर कळलेलं नव्हतं. तेव्हा सासूबाईंचं म्हणणं झटकून टाकू नका. कागद कातरून धर्म येत नाही, हे मी स्वतः करून बघितलं आहे.

तरीही तुमचा प्रश्न मला जिथे अडतो ती जागा वेगळीच आहे. ‘हस्तकला की खरा अभ्यास’ असं तुम्ही लिहिलंत, जणू हात एका खोलीत आणि डोकं दुसऱ्या खोलीत. आपल्या पूर्वजांचं काय होतं ते जरा आठवा. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली, असं आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. पुढे कित्येक शतकं ना ग्रंथ, ना शिकवणारा. मग काय उरलं? तोंडात ‘शेमा’ ही प्रार्थना उरली, ती सासूबाईंच्या बाजूची. पण बाकीचं जे उरलं ते सगळं हातातलं होतं. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. मुलाची सुंता आठव्या दिवशी. आणि मासे निवडणं.

मासे निवडण्यापाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तुमच्या वर्गाचा पहिला धडा मला तिथेच दिसतो.

दावीद राहाबीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बाहेरून आलेल्या या यहूदी माणसाला कोकणातले हे तेली आपल्यातलेच असावेत असा संशय आला. खात्री करायला त्याने घरातल्या बायकांपुढे निरनिराळे मासे टाकले आणि म्हणाला, रांधा. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे ठेवले, बाकीचे बाजूला सारले. त्याने ओळखलं. तो नेमका कधी आला यावर जाणकारांत वाद आहेत, ते तूर्त राहू द्या. मुद्दा असा की आपली ओळख पटली ती पाठांतरावरून नाही, परीक्षेच्या कागदावरून तर नाहीच. चुलीपुढे बसलेल्या बाईने हाताने केलेल्या निवडीवरून पटली.

तर एका सकाळी साती मुलांना मासळी बाजारात न्या. दोन मोठी माणसं बरोबर हवीत. एकटीने जाऊ नका, सहा वर्षांची मुलं मासळी बाजारात कुठे जातील सांगता येत नाही. आधी काही सांगू नका. प्रत्येकाला वही-पेन्सिल द्या आणि एवढंच सांगा की वेगवेगळ्या सहा जिवांची चित्रं काढायची, अंगावर काय काय दिसतं ते नीट बघायचं. कोळणीला विचारून रावसाच्या अंगावर उलट्या दिशेने नख फिरवू द्या, खवला निघतो तो वहीत चिकटवू द्या. बांगड्याचा खवला केवढासा असतो तो शोधू द्या. मग शिंगाळ्यावर बोट फिरवा. गुळगुळीत, खवला नाहीच. मुशीची कातडी खरखरीत लागते, पण नखाने सुटून येणारा खवला तिलाही नाही. कोळंबी, चिंबोरी, माकूल यांचा तर प्रश्नच मिटला. घरी येऊन चित्रं कापा, दोन टोपल्या ठेवा, राहाबीची गोष्ट सांगा आणि म्हणा, आता तुम्ही निवडा. पाच वर्षांचं पोरही निवडेल. बारा वर्षांच्याला तोरा या आपल्या धर्मग्रंथातला तो भाग मराठीतून वाचायला द्या, लेवीय ११, आणि त्याने बाकीच्यांना समजावून सांगायचं. वाद होतील. एखादा विचारेल, आमच्या शेजारचे कोळंबी खातात, ते वाईट का? तेव्हा ‘नाही, तो नियम आपल्यासाठी आहे’ एवढं उत्तर पुरतं.

आता मुलीच्या शाडूच्या प्रश्नाकडे येते. गणपती केला म्हणून तिला रागावला नसाल अशी आशा आहे. पुढच्या वर्षी शाळेत काय करायचं हे घरात बसून ठरवा. शाळेतल्या बाईंना आधी सांगून ठेवलं तर मातीचं दुसरं काहीही करू देतात. माझ्या वर्गात एका मुलाने नुसते उंदीर केले होते, अकरा. पण तिचा प्रश्न मूर्तीचा नव्हताच. सगळ्यांच्या हाताला माती लागते, आपल्या हाताला काय, असं ती विचारत होती. तिला सांगा की आपण देवाची मूर्ती करत नाही, आणि बाकी इतकं काही करतो की वर्ष पुरत नाही. फक्त ते सगळं आजीने आणि आईने करून टाकायचं आणि मुलांनी आयतं खायचं, असा घोळ आपण घातला. आपल्या सणांची कोकणातली जुनी नावं बघा. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा, घराची दारं लावून बसायचा. पेसाह म्हणजे अनशी ढाकायचा, आंबट घातलेली बरणी झाकून ठेवायचा. तिशा ब’आवला बिरड्याचा रोजा, पुरीम म्हणजे होळीचा सण. पोथी हरवलेल्या माणसांनी सण कशावरून लक्षात ठेवले? दारावरून, बरणीवरून, वालाच्या बिरड्यावरून. पुठ्ठ्याचे पत्ते करा, एका पत्त्यावर कोकणी नाव, एकावर हिब्रू नाव, एकावर मुलांनी काढलेलं चित्र. उलटे मांडून जोड्या लावायच्या. पावसाळी रविवारी हा खेळ तासभर चालतो, आणि आज्यांना त्यात मुलांपेक्षा जास्त गंमत वाटते.

भावाच्या संचांचं काय करायचं? फेकू नका. त्यातला भोवरा काढा. हनुक्काच्या भोवऱ्याला चार बाजू, चार अक्षरं. इस्रायलमधून आलेल्या भोवऱ्यावर नून, गिमेल, हे आणि पे असतात: मोठा चमत्कार इथे झाला. इस्रायलबाहेरच्या भोवऱ्यावर शेवटचं अक्षर शिन असतं: मोठा चमत्कार तिथे झाला. मुलांना भोवरा हातात द्या आणि विचारा, हा ठाण्यात फिरवला तर खोटं बोलतो का? मग त्यांना स्वतःचा करायला लावा, जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा आणि मधे खराट्याची काडी. शेवटचं अक्षर कुठलं घालायचं ते त्यांनीच ठरवायचं. अश्दोदच्या मामाला फोन लावून सांगायचं की मामा, तुझा भोवरा आमच्याकडे चुकतो. तयार वस्तू शिकवत नाही असं मी म्हणत नाही. शेजारी हाताने केलेली दुसरी वस्तू ठेवली की तीही बोलायला लागते.

हनुक्काबद्दल मुलांना एक गोष्ट खरी खरी सांगून टाका. हा सण कोकणातल्या आपल्या जुन्या लोकांना माहीतच नव्हता, तो नंतर शिकलो. का माहीत नव्हता? काहींचा कयास असा की ज्या चमत्काराची आठवण म्हणून हा सण, तो घडायच्या आधीच आपले पूर्वज तिकडून निघाले असावेत. मोठ्या मुलांना यावर भांडू द्या. दिवा मात्र बाजारातून आणू नका. दिवाळीच्या उरलेल्या पणत्या असतातच. आठ एका ओळीत, एका उंचीवर. नववी, शमाशची, म्हणजे बाकीच्या पेटवायची, वेगळी दिसेल अशी. खोबरेल तेल, कापसाची वात. पणत्या मांडायच्या उजवीकडून, पेटवायच्या डावीकडून, म्हणजे त्या दिवशीच्या नव्या वातीपासून. आठ दिवसांत एकूण किती वाती लागतील हा हिशेब नऊ वर्षांच्या मुलीला घाला. शमाश धरून ४४ येतात. वाती तिनेच वळायच्या. चव्वेचाळीस वाती वळल्यावर कुठलं मूल विसरेल ते मला दाखवा.

मलिद्याबद्दल लिहिताना तुमच्या मुलीचा सूर मला ऐकू आला. व्हिडिओत नाही म्हणजे खरं नाही. ही शंका तिची एकटीची नाही. आपले लोक इस्रायलला गेले तेव्हा तिथेही ‘हे खरे यहूदी का?’ हा प्रश्न उठला, लग्नं अडली, लोक रस्त्यावर उतरले आणि १९६४ साली तिथल्या सरकारला बेने इस्रायली सर्व बाबतींत यहूदी असल्याचं जाहीर करावं लागलं. एवढं सगळं नऊ वर्षांच्या मुलीला सांगायची गरज नाही. तिच्या हातात पोहे द्या. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं. मांडणी तिची. खवणीवर बसायला अजून लहान असेल तर नारळ तुम्ही खवा. ताट तयार झालं की एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं सासूबाईंनी म्हणायचं, आणि नंतर अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावरच्या त्याच्या रथाच्या खुणेची गोष्ट. जमलं तर तू बिश्वात या झाडांच्या सणाच्या सुमारास मुलांना तिथे घेऊनच जा. ठाण्याहून पहाटे निघालं तर एका दिवसात होतं. मग तिला विचारा, हा खडक आणखी कुठल्या देशात आहे? व्हिडिओवाल्यांकडे नाही, हे तिचं तिलाच कळेल.

जाता जाता त्या ‘तू’ची गंमत. हिब्रू अक्षरांना किंमत असते. तेथ म्हणजे नऊ, वाव म्हणजे सहा, दोन्ही मिळून पंधरा, आणि शेवात महिन्याचा पंधरावा दिवस म्हणून तू बिश्वात. अक्षरं शिकवायला सुरुवात इथून करा. परातीत तांदळाचं पीठ पसरा, बोटाने अक्षर काढा, हलवा, पुसलं. प्रत्येकाने आपल्या घराचा नंबर हिब्रू अक्षरांत लिहून दाराला लावायचा. तुमचं वाचन अडखळत असेल तर अक्षरं तुम्हीही त्यांच्याबरोबर काढा. शिकवणाऱ्या बाईंना चुकताना बघितलं की मुलांची जीभ सुटते. मला हे कळायला वीस वर्षं लागली, तुम्ही पहिल्याच रविवारी करा.

आता मांडव. सुक्कोथ या मांडवाच्या सणातला मांडव मला सगळ्या वर्षातला सर्वांत चांगला धडा वाटतो, कारण त्याचे नियम इंजिनियरला शोभतील असे आहेत. छत जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूचं हवं, म्हणजे झावळ्या चालतात, ताडपत्री चालत नाही. अजून झाडालाच असलेली वेल वर चढवली तर चालत नाही. उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे, पण रात्री चांदण्या दिसाव्यात इतपत फटी असाव्यात. भिंती निदान दोन आणि तिसरीचा तुकडा. वर उघडं आकाश.

मुलांना चपलांचे खोके द्या, काड्या, सुकलेलं गवत, केळीच्या पानाच्या पट्ट्या, एक प्लास्टिकची पिशवी, एक कापडाचा तुकडा. नियम आधी सांगू नका. आधी बांधू द्या, मग एकेक नियम सांगून कुणाचा मांडव टिकतो ते बघा. खोली अंधारी करून वरून टॉर्च मारायचा: आत उजेड जास्त की सावली? दोन मुलं छत उसकटून पुन्हा बांधतील, एक रुसेल. रुसणाऱ्याला टॉर्च धरायला द्या. मग खरा प्रश्न टाका: आपल्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत मांडव चालेल का? सगळी ‘हो’ म्हणतील. मग सहा वर्षांच्याला बाल्कनीत नेऊन म्हणायचं, वर बघ. वर पाचव्या मजल्याची बाल्कनी, तिचा स्लॅब. आकाश नाही. मशिदीच्या अंगणात सगळे का जमतात हे त्याला त्या क्षणी कळेल. नुसतं सांगितलं असतं तर त्याने जांभई दिली असती. त्यातून परतीचा पाऊस आला तर? कोकणात तो येतोच. मांडवात पाणी गळायला लागलं की आत घरात यायला मुभा आहे, हेही मुलांना फार आवडतं.

सणाला हातात धरायच्या चार वस्तूंपैकी एथ्रोग म्हणजे आपल्याकडचं महाळुंगच. कुणाच्या गावच्या परसात असेल तर एक मागवा. विधीला ते चालेल की नाही हे हझानना, म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा. वास घ्यायला, साल किसायला, चित्र काढायला नक्की चालतं.

हझानचा विषय निघालाच आहे तर काही गोष्टी आधीच विचारून घ्या, नाहीतर सासूबाईंना आयतं कोलीत मिळेल. वर्ग रविवारीच घ्या. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, कातरणं, चिकटवणं, लिहिणं, रंगवणं काहीच करायचं नसतं, आणि हौसेपोटी शनिवारी संध्याकाळी लवकर सुरू केलं तर तुम्हीच शिकवलेलं तुम्हीच मोडाल. देवाचं चार अक्षरी नाव मुलांच्या कागदांवर लिहू नका. ते लिहिलेला कागद रद्दीत जात नाही, केराच्या टोपलीत तर नाहीच. वर्गात एक खोका ठेवा, मुलांनीच रंगवलेला, जुनी फाटलेली प्रार्थनेची पानं त्यात टाकायची आणि भरला की मशिदीत द्यायचा. त्याला गेनिझा म्हणतात हे तेव्हाच सांगून टाका. माणसांच्या बाहुल्या करायच्या का, यावर घराघरांत मतं वेगळी असतात. पुरीमला एस्तेर राणीची काठीवरची बाहुली मी करून घ्यायचे, एका आजोबांना ते पटायचं नाही. त्यांच्या नातवाला मी खुळखुळ्याचं काम दिलं. रिकाम्या डब्यात वाटाणे घालायचे, आणि एस्तेरच्या पोथीच्या वाचनात दुष्ट हामानचं नाव आलं की वाजवायचा. नाव ५४ वेळा येतं. तो मुलगा बोटं मोडून मोजत बसायचा. सगळ्या वर्गात लक्ष देऊन ऐकणारा तो एकटा होता.

सासूबाईंकडे परत येऊ. ‘हस्तकला विरुद्ध पाठांतर’ ही लढाई तुमच्या घरात उभी राहिली आहे, ती मोडा. पाठांतर त्यांच्याकडे सोपवा. अगदी वेळ ठरवून: शेवटची पंधरा मिनिटं त्यांची, आणि तुम्ही मुलांच्या ओळीत बसायचं. मला वाटतं, त्यांना भीती ही आहे की चाली त्यांच्याबरोबर जातील. ती भीती खोटी नाही. आपल्याकडे मराठी कीर्तनंही होती ना? १८८०च्या आसपास आपल्या लोकांनी हरिकीर्तनाच्या घाटावर अब्राहाम आणि योसेफ यांची आख्यानं रचली, पुढे बायकांच्या मंडळांनी ती जपली. सासूबाईंच्या पाठात त्यातल्या दोन ओळी असल्या तर त्यांच्या हातात टाळ द्या आणि मुलांकडून योसेफाचा रंगीत झगा जुन्या साड्यांच्या तुकड्यांतून शिवून घ्या. पाठांतर आणि सुई एकाच सतरंजीवर बसतील.

‘मला नीट येत नाही’ याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. मुद्दामच शेवटी ठेवलं. पुण्यात १८७४ साली पेसाहची हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, छापली, हिब्रू आणि मराठीत, चित्रांसह. त्यातल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पेसाहची भाकर करताहेत. त्या बायकांना हिब्रू किती येत असेल असं तुम्हाला वाटतं? तरी पोथी छापणाऱ्यांनी त्यांना पोथीत घेतलं, कारण त्यांच्याशिवाय सण होत नव्हता. त्या चित्राची प्रत कुठून मिळाली तर वर्गात लावा आणि मुलांना विचारा, यातली तुमची आजी कुठली? अर्थात म्हणून तुम्ही शिकूच नका असं नाही. आठवड्याला एक परिच्छेद मराठीतून आधी वाचायचा, अडलं तर वहीत लिहायचं आणि मुलांना सांगायचं, ‘हे मला माहीत नाही, पुढच्या रविवारपर्यंत विचारून येते.’ आणि खरंच विचारून यायचं.

वेगवेगळ्या वयांचा घोळ जोड्या लावून सोडवा, मोठ्याबरोबर लहान. कात्री मोठ्याकडे, चिकट हात लहानाचे. एका रविवारी एकच काम. सत्तर मिनिटांच्या पुढे जाऊ नका. आणि वस्तू वाकडी झाली तर वाकडी घरी जाऊ द्या. आयांना एक विनंती आधीच करून ठेवा: घरी गेल्यावर ती ‘नीट’ करून द्यायची नाही.

एक मोठं काम मात्र वर्षभर चालणारं हवं, दर महिन्याला थोडं थोडं. जुन्या चादरीवर रायगड जिल्ह्याचा नकाशा काढा, माणसाएवढा. साती मुलांची आडनावं, त्यांच्या आयांची माहेरची, आज्यांची. पेणकर पेणला, रोहेकर रोह्याला, केहिमकर किहीमला, झिराडकर झिराडला, अष्टमकर अष्टमीला, तळकर तळ्याला. प्रत्येक गावावर बटण शिवायचं. मग दुसऱ्या चादरीवर इस्रायल: दिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा. दोन चादरींच्या मधे लोकरीचे धागे, कोण कुठून कुठे गेलं त्याचे. प्रत्येक धाग्यामागे एक फोन, फोनवर तीन प्रश्न मराठीत. दिमोनातल्या म्हाताऱ्या आत्याबाई अजून मराठीत बोलतात आणि बोलायला कुणी नाही म्हणून हिरमुसतात, त्यांना ही पोरं सापडतील. तुमच्या मुलीचा ‘आपण खरे का?’ हा प्रश्न मला वाटतं या चादरीवर सुटेल, किंवा निदान दुसऱ्या, जास्त चांगल्या प्रश्नात बदलेल.

(परदेशात रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या ज्या वाचकांनी मागे ‘मुलं कंटाळतात’ असं लिहिलं होतं, त्यांनी चादरीची ही युक्ती उचलायला हरकत नाही. थर्माकोलची गुढी यंदा पुरे झाली. खरी काठी आणा, आजीचं खरं वस्त्र आणा, कडुनिंब मिळत नसेल तर का मिळत नाही तिथून धडा सुरू करा.)

पहिल्या रविवारी कुठून सुरुवात करायची? मासळी बाजार मला आवडतो, पण नव्याचा सण जवळ आला आहे, तेव्हा चिकाचा हलवा आधी. हलव्याला पुडीतलं कॉर्नफ्लॉवर वापरू नका. मला माहीत आहे सगळे वापरतात, मीही वापरते. मुलांसाठी या वेळी गहूच. तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटायचे, पिळायचे, गाळायचे आणि पातेलं न हलवता ठेवून द्यायचं. तळाशी पांढरा चीक बसतो, वर पाणी राहतं. मुलांनी हे डोळ्यांनी बघितलं पाहिजे. मग नारळाचं दूध काढताना विचारा: फ्रिजमध्ये म्हशीचं दूध असताना आपण हा खटाटोप का करतो? सणाच्या जेवणात मटण असतं आणि आपण मांसाबरोबर दूध घेत नाही, हे उत्तर त्यांच्यापैकी कुणीतरी देईपर्यंत थांबा. दहा मिनिटं लागली तरी थांबा. घोटायला प्रत्येकाची पाळी, शंभर शंभर फेरे, गॅसजवळ तुम्ही उभ्या राहून.

वर्ग रविवारी असेल तर गहू गुरुवारी सकाळी भिजत घाला. शनिवारी मात्र त्या पातेल्याला कुणी हात लावायचा नाही. शब्बाथ संपला, आकाशात तीन तारे दिसले, की पाणी बदलायचं काम मुलीला द्या; तारे मोजायचं कामही तिचंच.